कापलेली अकरा मिनिटं

सरकारनं आमच्या आबांचं नाक घेतलं, त्या दिवशी आबांनी सकाळीच दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"फोटू काढतेत आसतील," ते म्हणाले.

"आबा, आतलं घेणार आहेत. बाहेरचं नाही."

"तरी बी."

आबा म्हणजे लिंबाजी सरवदे, माझे वडील. आमच्या शहराच्या मैलापाणी केंद्रावर चौतीस वर्षं काढलेला माणूस. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं की खुलासा मागतात, आणि खुलासे लिहून लिहून माझी बोटं दुखली आहेत.

शहराचं सगळं सांडपाणी आधी एका खोल विहिरीत जमतं आणि तिथून पंप ते वरच्या टाक्यांमध्ये ढकलतात. विहिरीच्या तळाशी जाळी असते. ती चिंध्या-पिशव्यांनी तुंबली की कुणीतरी उतरून मोकळी करावी लागते. गटारात माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे, हे खरं. पण ही विहीर कागदावर गटार नाही, 'यंत्रणेचा भाग' आहे. आबा त्या यंत्रणेच्या भागात चौतीस वर्षं उतरले आणि दर वेळी वर आले. त्यांच्या बरोबरीचे सगळे आले नाहीत.

आबांच्या नाकाची ख्याती मोठी होती. टाकीच्या काठावर उभं राहून ते सांगायचे, "आज डेअरीवाल्यानं पाणी सोडलंय," किंवा "गाळ आजारी पडायलाय, परवा फेस येतंय बघा." दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद यायचा, त्यात तेच असायचं. टाकी निरोगी असली की तिला नांगरलेल्या मातीचा वास येतो, हे मी पाठ्यपुस्तकात वाचण्याआधी दहा वर्षं आबांच्या खांद्यावर बसून शिकले.

दोन हजार त्रेचाळीस साली अशी अवस्था आली की राज्यात नव्या कोऱ्या मैलापाणी केंद्रांना कुलपं होती. यंत्रं होती, वीज होती, चालवणारा माणूस नव्हता. आबांच्या पिढीचे लोक निवृत्त होत होते आणि त्यांच्या पोरांना हे काम नको होतं. का नको, ते सांगायला आयोग नेमायची गरज नव्हती, तरी तो नेमला. मग 'जलसेवा कौशल्य निधी' आला. माणसं शिकवा, प्रमाणपत्र द्या, जितकी प्रमाणपत्रं तितका निधी. एकतीस मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परत. हे सगळं प्रशिक्षणासाठी होतं. केंद्रावरचे विषारी वायू मोजायचे मीटर बंद पडलेले होते, त्यांच्या दुरुस्तीला मात्र पैसा नव्हता, कारण दुरुस्ती अंदाजपत्रकातल्या वेगळ्या शीर्षाखाली येते.

मी त्याच निधीवर लागले. तक्षशीला सरवदे, एम.एस्सी., कंत्राटी तंत्रज्ञ. मशीन मी चालवायची.

मशीन काय करायचं ते सोपं करून सांगते. माणसाच्या नाकात वास पकडणारे जवळजवळ चारशे प्रकारचे ग्राहक असतात. एखादा वास आला की त्यातले काही जागे होतात, काही झोपून राहतात. कोण जागं आणि कोण झोपलेलं, याची एक नक्षी मेंदूच्या पुढच्या टोकाला उमटते. नवशिक्याच्या नाकात आणि उस्तादाच्या नाकात फारसा फरक नसतो. फरक नक्षी वाचण्यात असतो. उस्तादाचा मेंदू वर्षानुवर्षं शिकलेला असतो की या गर्दीत कुणाकडे बघायचं आणि कुणाला सोडून द्यायचं. मशीन हीच निवड टिपून घ्यायचं. उस्तादाच्या डोक्यावर टोप चढवायचा, दोनशे बारा कुप्या एकेक करून हुंगवायच्या. मग शिकाऊ उमेदवाराला तोच टोप घालून, त्याच कुप्या हुंगवत, बारीक विजेच्या ठोक्यांनी त्याच्या मेंदूला तीच निवड करायला लावायची. वीस बैठकांमध्ये ती पक्की बसते. याला आम्ही छाप म्हणायचो. टोपाला पोरं टोपडं म्हणायची.

माहितीपुस्तिकेच्या सातव्या पानावर बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: 'उस्ताद ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्याकडे उमेदवारही दुर्लक्ष करू लागतो.' पुस्तिकेचं मराठी मीच केलं होतं. वाक्य छान जमलं म्हणून खूश झाले होते.

आबांनी दोनशे बारांपैकी दोनशे अकरा कुप्या बिनचूक ओळखल्या. आमच्या संचालक मोहरीर मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. "तक्षशीला, तुझे वडील म्हणजे राष्ट्रीय संपत्ती आहेत गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला आज सोपं गेलं असतं.

राहिली ती सत्तेचाळीस नंबरची कुपी. आबांनी ती हुंगली आणि म्हणाले, "ह्यात काय न्हाई. पाणी हाय."

त्या कुपीत सडक्या अंड्यांचा वास असलेला वायू विरघळवलेला होता, हायड्रोजन सल्फाइड. विहिरीत माणूस मरतो तो त्यानंच. थोडा असला तर वासानं हाकलून देतो, जास्त झाला तर आधी नाक बंद पाडतो आणि मग माणूस. असल्या कुपीला आबा पाणी म्हणतात म्हटल्यावर मला वाटलं, बूच सैल राहिलं असणार, वायू उडून गेला असणार. मी स्वतः हुंगून बघायला हवं होतं. पण जानेवारी संपत आला होता, एकतीस मार्चपर्यंत सगळी प्रमाणपत्रं काढायची होती, बाहेर वीस पोरं रांगेत होती. मी शेऱ्यात लिहिलं, 'नमुना खराब', आणि अठ्ठेचाळीस नंबरची कुपी उघडली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट केली.

छापेसोबत एक फिल्म दाखवायची होती, आबा विहिरीवर काम कसं करतात त्याची. कॅमेरा माझ्याच हातात होता. आबांनी झाकणं उघडली, आजूबाजूचीही दोन उघडली, आणि खिशातून वाळा काढला. माझ्या पायातला, मी पाळण्यात असतानाचा, चांदीचा. विहिरीवरच्या लोकांची ही जुनी रीत. ज्याला उतरायचं त्यानं आपल्या लेकराचा वाळा राखेनं घासून पांढरा करायचा, दोरीला बांधायचा आणि आत सोडायचा. तंबाखू मळून, खाऊन, गप्पा मारून झाल्या की वर ओढायचा. वाळा पांढरा आला तर उतरायचं. पिवळा आला तर थांबायचं. काळा आला तर झाकण घालून घरी जायचं, साहेब काहीही बोलो. लेकराचाच का, तर त्याच्याशी कुणी लबाडी करत नाही, असं आबा म्हणायचे.

अकरा मिनिटं वाळा विहिरीत होता. अकरा मिनिटं आबा तंबाखू मळत काठावर बसले होते, आणि मधेच कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आमची तक्षू लहानपणी लई रडायची, वाळा काढला की."

घरी येऊन मी ती अकरा मिनिटं कापली. मला कुणी सांगितलं नव्हतं. फिल्म मुंबईतले मोठे साहेब बघणार होते. सरवद्यांची पोर एम.एस्सी. झाली आणि बाप अजून विहिरीत लेकराचा वाळा सोडतो, हे मला दाखवायचं नव्हतं. चांदी त्या वायूनं काळी पडते, हे मला माहीत होतं. अकरावीत त्याचं समीकरण लिहून गुणही घेतले होते. पण ते समीकरण वहीत होतं आणि वाळा आबांच्या खिशात. दोन्ही एकच आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आबांनाही ती रीतच वाटायची. मॅडमनी कामाच्या पायऱ्या विचारल्या तेव्हा त्यांनी वाळा सांगितला नाही. "त्येचं काय सांगायचं. आमचं आपलं खूळ हाय ते," म्हणाले.

पोरं भराभर येत होती. सरकारी पगार मिळणार म्हटल्यावर सगळ्या आळ्यांमधून आली. ज्यांच्या घरी आबांना पाणी वरून ओतून द्यायचे, त्यांची पोरं आबांचं नाक घालून घ्यायला रांगेत उभी राहिली. मला त्याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर गंमत नाही, सूड उगवल्यासारखं वाटायचं.

त्यातलाच रेवण बिराजदार. बी.एस्सी. झालेला, चार वर्षं पेट्रोल पंपावर काम केलेला, बोलायला गोड. घरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही असलं घर. आठव्या बैठकीनंतर तो एक दिवस आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत मी सुकट भाजत होते.

"ताई, मी खात नाही," तो म्हणाला. "फक्त हितं ओट्यावर बसू का? लई बरं वाटायलंय ह्या वासानं. का वाटायलंय ते कळंना."

मला कळलं. आबांना सुकटीचा वास म्हणजे माझ्या आईचा वास. आई गेली त्याला सोळा वर्षं झाली. छापेत काय काय सांडून येतं, हे मशीन बनवणाऱ्यांनाही पुरतं माहीत नव्हतं.

मग तो येतच राहिला. आबा त्याला विहिरीच्या गोष्टी सांगायचे. दोघंही चहा पिण्याआधी कप नाकाशी नेऊन तेवढाच वेळ थांबायचे. आबांना मुलगा नाही. मला कधी कधी असूया वाटायची, कारण मी आले की रेवणच्या डोळ्यांत आबांची माया दिसायची आणि ती त्याची नव्हती. एकदा तो मला "तक्षू" म्हणून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान पोरगा.

एकतीस मार्चपर्यंत तीनशे चाळीस प्रमाणपत्रं निघाली. विहिरीवर उस्तादासोबत नव्वद दिवस काम करायचं, असं मूळ योजनेत होतं; छाप आल्यावर त्याचे तीन दिवस झाले, तेही वरच्या टाक्यांवर. एप्रिलमध्ये परिपत्रक आलं: छापप्रशिक्षित कर्मचारी जिथं आहे तिथं वेगळा वायुमापक अनिवार्य नाही. बंद मीटरचा प्रश्न असा मिटला. रेवणची नेमणूक नव्वद किलोमीटरवरच्या एका गावी झाली.

जूनमधल्या एका रविवारी तो भेटायला आला. त्याच दिवशी आमच्या गल्लीतलं चेंबर तुंबलं आणि कुणीतरी झाकण सरकवलं. असला घाणेरडा भपकारा सुटला की समोरच्या काकूंनी धाडकन खिडकी लावली, पोरं नाकं धरून पळाली, मला घशाशी आलं. सडकी अंडी. मी पदर नाकाला लावून दारात आले.

ओट्यावर आबा आणि रेवण बसले होते. मधे पोह्यांच्या बशा. दोघं निवांत खात होते.

"आत या ना," मी म्हणाले. "इतक्या वासात कसे बसलात?"

"कसला वास?" आबा म्हणाले.

हे मला नवीन नव्हतं. आबा असल्या वासाला कधी बोललेच नव्हते. सवयीचं असेल, असंच आम्ही आयुष्यभर समजत आलो होतो. पण रेवणनंही मान वर केली, हवा हुंगली, अगदी आबांसारखी, डावी नाकपुडी आधी.

"वास? न्हाई की, ताई. कोथिंबीर छान हाय पोह्यावर."

सहा महिन्यांपूर्वी या मुलाचं नाक शाबूत होतं. मुलाखतीत हीच कुपी हुंगून त्यानं तोंड फिरवलं होतं, ते मी नोंदवलं होतं.

त्याला काही बोलले नाही. आधी खात्री करावी, असं स्वतःला सांगितलं. तो चारच्या गाडीनं गेला, आणि मी केंद्राचं कुलूप उघडून सत्तेचाळीस नंबरची नवी, सीलबंद कुपी घरी आणली.

"आबा, हे हुंगा."

"आज रविवारी बी?"

"हुंगा ना."

बूच काढताच मी दोन पावलं मागे सरले. शेजारच्या भिंतीपलीकडून कुणीतरी "अगं बाई, परत?" म्हणालं. आबांनी कुपी नाकाखाली धरली. डोळे मिटले. नीट, मन लावून, राष्ट्रीय संपत्तीसारखं हुंगलं.

"पाणी हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाक दाबून उभी होते, डोळ्यांत पाणी आलेलं. भिंतीपलीकडची बाई अजून बडबडत होती. आबांनी कुपी परत हुंगली. परत हुंगली. बूच लावलं आणि ओट्यावर ठेवली.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. रोज तोच वास असला की मेंदू त्याला बाहेर ठेवायला लागतो, आबा. वीस वर्षं झाली असतील. जास्तही."

"म्हंजी मी वासावर न्हाई उतरलो इतकी वर्सं." त्यांनी खिशातून वाळा काढला आणि तळहातावर धरला. "ह्येच्यावर उतरलो."

चुलीवरचं दूध उतू गेलं, ते आबांनाच आधी कळलं. तो वास त्यांना येत होता.

"पोरास्नी वाळा शिकवला व्हतास न्हवं तू? फिल्ममदी?"

मी मान हलवली. नाही म्हणून. आबांनी का ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"रेवणला फोन कर," ते म्हणाले. "समद्यास्नी कर, पर त्येला आधी कर. त्यो हिरीवर हाय."

आधी वर सांगावं म्हणून रविवारी फोन केला नाही; सोमवारी सकाळी मी मोहरीर मॅडमना सगळं सांगितलं. वाळ्याचं सोडून. त्या पांढऱ्या पडल्या. टेबलावरचं पाणी प्यायल्या, परत ओतून प्यायल्या.

"शुक्रवारी आढावा बैठक आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या टप्प्याची मंजुरी. आज हे बाहेर गेलं तर तीनशे चाळीस पोरांची प्रमाणपत्रं रद्द होतील, तक्षशीला. नोकऱ्या जातील. आणि तुझ्या वडिलांचं नाव पेपरात काय म्हणून येईल, ते तू मला सांग. शुक्रवार होऊ दे. सोमवारपासून मी स्वतः दुरुस्तीच्या बैठका लावते. चार दिवस, फक्त चार दिवस कुणाशी बोलू नकोस."

मी हो म्हणाले. मला त्यांच्यावर ढकलता येत नाही. त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर पेपरातला मथळा आला होता, आंधळ्या नाकाचा उस्ताद, आणि त्याखाली दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातलेले आबा.

मंगळवारी संध्याकाळी रेवणला फोन केला.

"ताई! बोला की."

"कसा आहेस? विहीर कधी उघडणार आहात?"

"परवा, गुरुवारी सकाळी. जाळी तुंबलीय. का वं?"

"मीटर लावून उतर."

तो हसला. "मीटर कुठलं आलंय, ताई. गेल्या महिन्यात परत नेले. तुमच्याच परिपत्रकात हाय की, छाप घेतलेल्याला लागत न्हाई. आबांचं नाक असल्यावर मीटर कशाला?"

आता सांगायचं होतं. एक वाक्य होतं. रेवण, आबांना तो वास येत नाही, तुलाही येत नाही. एवढंच. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की हे वाक्य ऐकून तो काय करेल. तो सगळ्यांना सांगेल. तीनशे एकोणचाळीस जणांच्या गटावर दहा मिनिटांत जाईल.

"जपून रे," मी म्हणाले.

"व्हय ताई. आबांना सांगा, पुढच्या रविवारी येतो. सुकट भाजून ठेवा."

गुरुवारी सकाळी सव्वादहाला रेवण विहिरीत उतरला. झाकण उघडून तो आणि त्याचा जोडीदार, तोही आमच्याच छापेचा, काठावर उभे राहिले, दोघांनी हवा हुंगली आणि एकमेकांना मान डोलावली. रस्त्यानं कोथिंबीर विकायला निघालेली एक बाई नाकाला पदर लावून ओरडली, "अरं काय कुजलंय रं हितं!" ते दोघं हसले म्हणे. रेवण सातव्या पायरीपर्यंत गेला. त्याच्या हाका थांबल्या तेव्हा जोडीदार मागोमाग उतरायला निघाला होता, त्याला त्या बाईनंच शर्टाला धरून मागे ओढलं. नाहीतर दोन गेले असते.

मला दुपारी बाराला कळलं. घरी आले तेव्हा आबा दारात उभे होते. त्यांना आधीच कळलं होतं.

"तू फोन केला व्हतास न्हवं?"

"केला होता."

"सांगितलंस?"

मी उंबऱ्यावर बसले. आबा थांबले होते. मी खोटं बोलले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता, त्यांनी माझ्यावर कायमच ठेवला.

"जपून जा म्हणाले," मी म्हणाले.

आबांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवसापासून ते मला तक्षशीला म्हणतात. पूर्ण नाव घेऊन, ऑफिसातल्यासारखं.

शुक्रवारची बैठक झाली. पुढचा टप्पा मंजूर झाला. चौकशी समितीनं लिहिलं की मयतानं वायुमापकाची मागणी केली नव्हती. मोहरीर मॅडम माझ्यासमोर टेबलावर डोकं ठेवून रडल्या आणि मग त्यांनी सही केली. दुरुस्तीच्या बैठका लागल्या. त्यांनाही माणशी निधी मिळाला. सत्तेचाळीस नंबरच्या कुपीसाठी ताबडतोब एक चांगलं नाक हवं होतं, तर माझंच घेतलं. आता तीनशे एकोणचाळीस जणांच्या डोक्यात त्या एका वासाची छाप माझी आहे. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, हा वास आला की भीती वाटणं समजू शकते. पण लाज का वाटते?" मी म्हणाले, कळवते.

आठव्या दिवशी एसटीच्या पार्सल ऑफिसातून आबांना निरोप आला. मी जाऊन घेऊन आले. ताडपत्रीत शिवलेला मुठीएवढा डबा, वर आबांच्या गिचमिड अक्षरात रेवणचं नाव. त्यावर शिक्का: 'घेणारा आला नाही.' बुधवारी सकाळी पाठवलेला. मला न सांगता, कारण त्यांना वाटलं होतं की सांगायचं काम मी फोनवर करतेच आहे, हे फक्त सोबत. डेपोतून रेवणला गुरुवारी साडेनऊला फोन गेला होता. त्यानं सांगितलं होतं, संध्याकाळी नेतो, आत्ता कामाला निघालोय.

डब्यात वाळा होता आणि चिठ्ठी. 'आदी हा सोड. मंग तू उतर. आबा.'

वाळा राखेनं घासलेला, पांढराशुभ्र होता. मी तो आबांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, हुंगला, आणि खिशात टाकला.

चौकशी समितीच्या अहवालात शेवटी एक शिफारस होती: पारंपरिक दक्षता पद्धतींचं चित्रीकरण करून ते अभ्यासक्रमात घ्यावं. त्याच्यासाठीही शीर्ष उघडलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त पत्र पुढे सरकवलं.

आम्ही परवा सकाळी विहिरीवर गेलो, आबा आणि मी. आबांनी दाढी केली नव्हती. त्यांनी तिन्ही झाकणं उघडली, वाळा दोरीला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि आत सोडला. मग काठावर बसून तंबाखू काढली.

"ह्या टायमाला कापू नगंस," ते म्हणाले. तेवढंच.

अकरा मिनिटं मी कॅमेरा धरून उभी होते. आबांनी तंबाखू मळली पण खाल्ली नाही. लहानपणीच्या माझ्या रडण्याची गोष्ट सांगितली नाही. खाली पंप चालला होता, वरच्या तारेवर दोन साळुंक्या भांडत होत्या. मग आबा उठले, दोरी हातावर गुंडाळत वर घेतली आणि वाळा उन्हात धरला.

पांढरा होता.

आबा चौतीस वर्षांच्या सवयीनं मागे वळले, जिथं जोडीदार उभा असतो तिकडे. तिथं कुणी नव्हतं.

"उतर रे," ते म्हणाले.